भयकथा छापून आल्यावर फोन कुणाचे येतात

पहिलं पुस्तक कसं काढावं, प्रकाशक कसा गाठावा, यावर मराठीत बरंच लिहिलेलं सापडतं. पुस्तक बाहेर पडल्यावर लोक काय बोलतात आणि ते आपण कसं ऐकून घ्यायचं, यावर मात्र मला फारसं काही मिळालं नव्हतं. त्यातून पुस्तक भयकथांचं, लिहिणारी बाई, सरकारी नोकरीतली, आणि राहायला रत्नागिरीत, जिथे निम्मं गाव मला अजून माहेरच्या आडनावाने ओळखतं. सप्टेंबर २०२५मध्ये माझा पहिला कथासंग्रह आला. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ही जाहिरात नाही. कुणाचं पहिलं पुस्तक वाटेवर असेल तर थोडी धास्ती कमी व्हावी, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

अकरा कथा आहेत. पाच दिवाळी अंकांत येऊन गेलेल्या, सहा कुठेच न छापलेल्या. प्रेतं, सुतक, बंद माजघरं, चकवा, दप्तरात सापडलेलं एक बोट, असला सगळा मामला. दिवाळी अंकातल्या कथेला प्रतिक्रिया येतात, पण अंकात आपण वीसजणांच्या गर्दीत असतो. पुस्तकात तोंड लपवायला कुणी नसतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारी २०२५मध्ये हस्तलिखित तयार झालं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, ती जरूर बघा. अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात, त्यामुळे जाहिरातीवर डोळा ठेवावा लागतो. मला थांबायचा धीर नव्हता. पुण्यातल्या दोन प्रकाशकांकडे मजकूर पाठवला. एकाकडून काहीच आलं नाही. दुसऱ्यांचा मार्चअखेर फोन आला. ‘कथा चांगल्या आहेत, पण भयकथा हल्ली लोक ऐकतात हो, वाचत नाहीत.’ तरी त्यांनी घेतल्या. पाचशे प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन, आणि शंभर प्रती मी चाळीस टक्के सवलतीत विकत घ्यायच्या. किंमत २८० रुपये, म्हणजे माझे १६,८०० गेले. लेखकाने स्वतःचं पुस्तक विकत घेणं पुष्कळांना अपमानाचं वाटतं. मला ते दिवाळीचा फराळ घरी करण्याइतकं साधं वाटलं. वाटायला काहीतरी हवंच की हाताशी. करारात मात्र हक्क किती वर्षांचे आणि कोणकोणत्या माध्यमांचे, ते नीट वाचा. ऑडिओचे हक्क मी माझ्याकडे ठेवले. लोक ऐकतात हे त्यांनीच सांगितलं होतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, प्रकाशकाने काढला. स्वतः पुस्तक काढणार असाल तरी तो तुम्हाला मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, शुल्क नाही. ‘आयएसबीएनचे इतके हजार’ असं कुणी सांगितलं तर ते मधल्या माणसाचे असतात. शिवाय १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते, तीही प्रकाशनापासून तीस दिवसांत. माझी एक हडळ आता कोलकात्याला सरकारी कपाटात आहे, या विचाराने मला अजून बरं वाटतं.

नोकरीचा भाग राहिला. निव्वळ वाङ्मयीन लेखनाला परवानगी लागत नाही, असं सहकारी सांगत होते. तरी मी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९चा उल्लेख करून कार्यालयाला लेखी कळवलं आणि पोच घेतली. पुढे कुणी निनावी अर्ज केला तर हाताशी कागद असावा. साहेबांनी पत्र वाचून विचारलं, ‘आपल्या ऑफिसवर काही नाही ना?’ रेकॉर्ड रूमची एक कथा आहे, म्हटलं.

‘त्यात कुणी मरतं?’

‘हो.’

‘क्लार्क?’

‘नाही, साहेब.’

हे उत्तर त्यांनी कसं घेतलं कळलं नाही, पण आवक क्रमांक पडला.

मुद्रितं, म्हणजे चुका तपासायची पानं, जूनमध्ये आली. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात, तेव्हा शब्दन् शब्द मोठ्याने वाचा. अकरा फर्मे, म्हणजे १७६ पानं, मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचली. सासूबाई पलीकडे भाजी निवडत होत्या. माझी पहिली प्रतिक्रिया ती. तिसऱ्या कथेला त्या म्हणाल्या, ‘अगं, दारं उघडी ठेवून वाच, शेजारी काय म्हणतील.’ पाचव्या कथेला उठून देवापाशी दिवा लावून आल्या आणि परत बसल्या. ‘हं, पुढे?’

मुद्रितांबरोबर प्रकाशकाने विचारलं, ‘श्रेयपानावर पत्ता आणि मोबाइल छापायचा ना?’ मराठी पुस्तकात लेखकाचा नंबर असतोच, वाचकही तो धरूनच चालतात. मी खूप घोळवलं. शेवटी घरचा पत्ता गाळला, एक वेगळं सिमकार्ड घेतलं आणि तो नंबर दिला. पुढचं सगळं या एका निर्णयामुळे घडलं. नंबर द्याच, पण वेगळा द्या. रात्री तो फोन बंद करून कपाटात ठेवता येतो.

पुस्तक छापून आलं ते पितृपक्षात. प्रकाशक घटस्थापनेपर्यंत थांबायला तयार होते, पण पुढे दिवाळी अंकांची गर्दी, मग पुस्तकांकडे कोण बघणार. शेवटी त्यांनीच सुचवलं, ‘२१ सप्टेंबरला करू. रविवार आहे, हॉल रिकामा असतो, भाडंही कमी करून देतात.’ २१ सप्टेंबर म्हणजे सर्वपित्री अमावास्या. माझ्या मामेसासऱ्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की ते येणार नाहीत. आई म्हणाली, ‘वाडी दाखवून होऊ दे आधी, मग काय तो कार्यक्रम कर.’ म्हणून संध्याकाळी पाचला ठेवला. चाळीसेक लोक आले, त्यांतले निम्मे तरी अमावास्येला भयकथांचं प्रकाशन कोण करतं ते बघायला. सतरा प्रती विकल्या गेल्या. चहा-वडे धरून माझे साडेपाच हजार खर्च झाले.

आणि मग शांतता.

यावर आधी कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी बोलते. प्रकाशनानंतर तीन-साडेतीन आठवडे काहीही होत नाही. ज्यांना भेट प्रती दिल्या ते रस्त्यात दिसले की दुसरंच काहीतरी बोलायला लागतात. तुम्हाला वाटतं, आवडलेलं नाही. तसं नसतं, त्यांनी अजून उघडलेलं नसतं. कृपा करून कुणाला ‘वाचलंत का?’ विचारू नका. मी विचारलं नाही, पण त्यासाठी मला अक्षरशः जीभ चावावी लागत होती.

या काळात मी पोस्टात जात राहिले. बाहेरगावच्या लोकांना प्रती पाठवायच्या होत्या. १ मे २०२५पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. माझी प्रत पाकिटासकट तीनशेच्या आत बसत होती, जाड पुठ्ठा घातला की बाहेर जायची, तेव्हा पॅकिंग वजन करूनच ठरवा. काउंटरवरच्या ताईंनी मुखपृष्ठ पाहिलं, ब्लर्ब वाचला. ‘भुतं ज्ञानात येतात होय?’ म्हणाल्या आणि शिक्का मारला. नंतर त्यांनीच एक प्रत विकत घेतली. वाचून झाल्यावर अभिप्राय दिला तो असा: ‘आमच्या मिस्टरांना आवडलं. मी शेवटची वाचली नाही, संध्याकाळी एकटी असते.’

आधी बोलले ते नातेवाईक. बहुतेक सगळ्यांचं वाक्य एकच होतं, फक्त सूर वेगळे. ‘घरी सगळं ठीक आहे ना गं?’ विनोदी लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही की घरी इतकं हसण्यासारखं काय चाललंय. माझ्या एका कथेत नवरा विहिरीत सापडतो. आत्याने माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘तू वाचलंस का हे?’ तो म्हणाला, ‘हो, आमच्या घरी नळ आहे.’ या प्रश्नाला रागावून उपयोग नाही. मी ‘सगळं ठीक, तुमचं कसं आहे?’ एवढंच म्हणायला लागले आणि लोक खरोखर आपलं सांगायला लागले.

ऑफिसात वेगळीच गंमत. साहेबांनी पुस्तकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त रेकॉर्ड रूमची ट्यूबलाइट, जिच्यासाठी कितीतरी दिवस मागणीपत्र पडून होतं, ती नोव्हेंबरात लागली.

अनोळखी वाचकांचे फोन दिवाळीनंतर सुरू झाले. पहिल्यांदा ‘हॅलो, लेखिका बोलतायत का?’ ऐकलं तेव्हा हातातला कुकर तसाच खाली ठेवला. मला वाटलं होतं, लोक कथांबद्दल बोलतील, रचना, शेवट, भाषा. तसं बोलणारे थोडे. बहुतेक वाचक दोन मिनिटांत ‘आमच्याकडे असं झालं होतं’ यावर येतात. चिपळूणच्या एका गृहस्थांना परशुराम घाटात रात्री एकच वळण पुन्हा पुन्हा लागत होतं. एका आजींच्या माहेरी पिंपळावर मुंजा होता, त्याची सोडमुंज केली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. एक तरुण मुलगा, मुंबईत कॉल सेंटरवर रात्रपाळी करणारा, तो फक्त लिफ्टबद्दल बोलला. सुरुवातीला मी मनातून खट्टू व्हायचे, माझ्या पुस्तकाचं कुणी काही बोलतच नाही म्हणून. मग लक्षात आलं की कथा पोचली की नाही हे कळायची हीच खूण आहे. न आवडलेल्या भयकथेनंतर कुणी आपली गोष्ट सांगत नाही.

कुडाळकडच्या एका काकांनी पहिलंच वाक्य टाकलं, ‘बाईनू, ह्यां सगळां खराच घडला काय?’ नाही म्हटल्यावर ते इतके निराश झाले की मला अपराधी वाटलं. गोव्यातल्या पेडण्याहून फोन आला तो तक्रारीचा. माझ्या एका कथेत देवचार मुंबईच्या पाहुण्याला रानात फिरवतो आणि माणूस मरतो. ते म्हणाले, ‘तुम्ही आमच्या देवचाराची बदनामी केलीत. तो राखणदार. रात्रीचा चुकलेल्याला घरी आणून सोडतो. आम्ही त्याला रोट देतो, विडी देतो.’ मी सांगितलं की गोष्ट त्या पाहुण्याच्या तोंडून आहे आणि त्याला देवचार कोण तेच माहीत नाही. ते थोडा वेळ गप्प झाले. ‘मग तो मरतलोच,’ म्हणाले. इतकी चोख समीक्षा नंतर कुणी केली नाही.

एक निवृत्त फौजदार दर आठ दिवसांनी एकेक कथा वाचून फोन करायचे. ‘तुमचा हवालदार पंचनाम्याला १७४ म्हणतो. १ जुलै २०२४पासून नवी संहिता, आता कलम १९४.’ कथा १९९८ सालातली आहे म्हटल्यावर खूश झाले. मयताच्या अंगाचा ताठरपणा आधी जबड्याला आणि मानेला येतो, हे मी बरोबर लिहिलंय याचंही त्यांनी प्रमाणपत्र दिलं. ‘भीती वाटली का?’ विचारलं तर म्हणाले, ‘मयताची नाही वाटत. त्या कथेत बाई पोलिसांना चहा करून देते ना, साखर किती विचारते, तिथे वाटली.’

हा धागा मला नंतर पुष्कळ ठिकाणी सापडला. मी ज्या जागी वाचक घाबरावा म्हणून रात्र रात्र बसून वाक्यं घासली, तिथे फारसं कुणी घाबरलेलं नाही. सोलापूरहून एका बाईंचा फोन आला तेव्हा ते पक्कं झालं. संग्रहात एक कथा आहे, विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या सासूची. ती रोज संध्याकाळी सुनेला विचारते, ‘तू कोण? माझी सून कुठे आहे?’ कथेच्या शेवटी खरी सून दारात येते, म्हणजे म्हातारीचंच बरोबर असतं. त्या बाईंनी सहा वर्षं सासूबाईंचं केलं होतं. वर्षभरापूर्वी सासूबाई गेल्या. कथेच्या शेवटाबद्दल या बाई काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ती सून संध्याकाळी साडेसहाला दाराला आतून कडी घालते, असं लिहिलंय तुम्ही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

मी सांगितलं, आमच्या शेजारी एक आजी होत्या, दिवेलागणीला त्यांना बाहेर जायचं असायचं.

‘आमच्याही,’ त्या म्हणाल्या. ‘मी कडी घालायची. त्या दार बडवायच्या, मी भाकरी करत असायची. कुणाला सांगितलं नाही कधी.’ मग थोड्या वेळाने, ‘तुमच्या गोष्टीत त्या खऱ्या ठरतात ते बरं केलंत. सहा वर्षांत त्यांचं कुणी खरं धरलं नव्हतं. मीसुद्धा नाही.’

मला काय बोलावं कळेना. समजूत घालावीशी वाटत होती, पण मी त्यांची कोण? मी ऐकत राहिले. त्यांनी स्वतःच ‘बरं, गॅसवर दूध आहे’ म्हणून फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण मजेसाठी, हो, मजेसाठीच, भीती रचतो आणि ती अशा घरात जाऊन पडते, याचा आधी विचार केलेला नव्हता. म्हणून ती कथा लिहायला नको होती, असं मात्र मला वाटत नाही. असा फोन आला तर आपली बाजू मांडू नका आणि सल्ला देऊ नका, एवढं सांगू शकते.

नोव्हेंबरअखेर एक पत्र आलं, प्रकाशकामार्फत, चार पानी. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांचा आक्षेप नेमका होता: एका कथेत भगताचा उतारा लागू पडतो. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे असं लिहिणं बेजबाबदार आहे. ‘मतकरी-धारपांनाही मी हेच म्हणालो असतो,’ असंही, मराठी भयकथेतल्या दोन मोठ्या लेखकांची नावं घेऊन, लिहिलं होतं. हे पत्र मला आजवरच्या सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी प्रत्येक कथा पेन्सिल घेऊन वाचली होती. मी उत्तर लिहिलं: भूत खरं आहे असं वाचकाला पटवायचं नसतं, दोन तास ते खरं धरायला लावायचं असतं, आणि पुस्तक मिटल्यावर वाचक सुटतो. भगताकडे गेलेला माणूस सुटत नाही, फरक तिथे आहे. आठ दिवसांनी पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आलं. ‘आपला मुद्दा पोचला. पटला नाही. लिहीत राहा.’ ते कार्ड मी जपून ठेवलंय.

मतकरी आणि धारप यांची नावं निघणार, याची मनाची तयारी ठेवा. २०२५ हे नारायण धारपांचं जन्मशताब्दी वर्ष, त्यामुळे जरा जास्तच निघाली. ‘मतकरींसारखं जमलंय’ हे आणि ‘मतकरी ते मतकरी’ हे, दोन्ही एकाच आठवड्यात ऐकलं. दोन्ही वाचकांनी रत्नाकर मतकरी शाळकरी वयात चोरून वाचले होते. त्या वयातल्या भीतीशी चाळिशीत वाचलेल्या पुस्तकाची बरोबरी होत नसते. एका वर्तमानपत्रात दहा-बारा ओळींचं परीक्षणही आलं, त्यात ‘शेवट घाईने उरकले आहेत’ असं होतं. तीन कथांबाबत ते खरं आहे, बाकीच्यांबाबत नाही. यापेक्षा जास्त त्यावर मी बोलत नाही, नवऱ्याशीसुद्धा.

डिसेंबरात गावातल्या वाचनालयात मी पुस्तक परत आलेलं पाहिलं. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘रात्री वाचू नये.’ खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘दिवसाही वाचू नये.’ ग्रंथपाल बाई खोडरबर घेऊन बसल्या होत्या, मी त्यांना थांबवलं. त्यांच्या अनुभवाप्रमाणे भयकथा बायका जास्त नेतात, दुपारच्या वेळी, आणि परत करताना ‘आमच्या ह्यांना हवं होतं’ म्हणतात. वाचनालयांना खरेदीसाठी यादी लागते, तेव्हा प्रकाशकाला आठवण करून एक साधं पत्र, आयएसबीएन आणि किंमत लिहून, जिल्ह्यातल्या अ आणि ब वर्गाच्या वाचनालयांना पाठवा. माझ्या चौदा प्रती तशा गेल्या.

आज जानेवारी २०२६ संपत आला. प्रकाशकाकडे अजून दोनशेच्या वर प्रती आहेत, माझ्याकडच्या शंभरांतल्या एकोणीस. मानधनाचा हिशेब आर्थिक वर्ष संपल्यावर. दुसऱ्या आवृत्तीचं कुणी बोलत नाही, मीही नाही. फोन आता आठवड्याला एखाददुसरा येतो. संध्याकाळी सात ते नऊ चालू ठेवते. फौजदारांची शेवटची कथा राहिली आहे, ते संक्रांतीनंतर करतो म्हणाले होते.